बाईचे बोलणे कोणत्या कप्प्यात?



आपल्यापैकी बहुतेक संघटनांच्या कपाटात मुलाखतींचा एखादा गठ्ठा असतोच. कुणी टाकलेल्या बायकांच्या घेतलेल्या असतात, कुणी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या, कुणी वस्तीतल्या घरकामगारणींच्या. पूर्वी ध्वनिफिती असत, आता आवाज मोबाइलमध्ये साठवलेला असतो. मुलाखत घेण्याचे काम आपण मनापासून करतो. त्यासाठी शिबिरे घेतो. बाईला बोलते कसे करायचे, सासू येऊन शेजारी बसली तर विषय कसा बदलायचा, तिला रडू आले तर काय करायचे, यावर तासन्‌तास बोलतो. मग त्या मुलाखती उतरवून काढल्या जातात. पुढे अहवालाची तारीख जवळ आली की दोघी-तिघी शिकलेल्या मुली रात्र जागवून गठ्ठ्यातून ‘मुद्दे काढतात’. समासात एकेक शब्द लिहितात : हिंसा, व्यसन, आरोग्य, शिक्षणाचा अभाव, अंधश्रद्धा. एका शब्दाखालचे उतारे एकत्र केले की ढीग होतो, आणि ढिगाचे प्रकरण होते. अभ्यासकांच्या भाषेत समासातल्या त्या शब्दांना कोड म्हणतात, लिहिण्याच्या कामाला कोडिंग आणि ढिगांना आशयसूत्रे. आपल्याकडे मात्र हे काम कारकुनी समजले जाते. त्यावर ना शिबिर होते, ना कडाक्याचे वाद.

आमच्या मते वाद व्हायला हवा तो इथेच. काय सांगायचे आणि काय गिळायचे हे बाई ठरवते. तिने सांगितलेले कशात जमा धरायचे हे समासात शब्द लिहिणारी ठरवते, आणि त्या वेळी बाई तिथे नसते.

एकच शब्द घेऊन पाहू. नांदणे. गावात विचारले तर शेजारीण सांगते, ‘ती नांदत नाही.’ या वाक्यात न नांदणारी ती. घराबाहेर तिला कुणीही काढलेले असो, क्रियापद तिच्याच नावावर. तीच बाई मुलाखतीत बोलायला लागली की म्हणते, ‘मला नांदवत नाहीत.’ आता कर्ते ते झाले. कुणी म्हणते, ‘दिवाळीला माहेरी आणून सोडलं, परत न्यायलाच आले नाहीत.’ कुणी म्हणते, ‘त्यानं दुसरी केली, मला म्हणाला तूही राहा.’ आणि एखादी शांतपणे सांगते, ‘मीच पोरं घेऊन निघाले. मार खायला परत जायचं नव्हतं.’ या सगळ्या बायकांच्या मुलाखतींच्या समासात आपण एकच शब्द लिहितो : परित्यक्ता. म्हणजे जिला टाकले ती. स्वतः उंबरा ओलांडून बाहेर पडलेली बाईदेखील या शब्दात शिरली की टाकलेली होते. तिने आयुष्यात केलेली सर्वांत धाडसी गोष्ट आपल्या एका शब्दाने पुसली जाते.

या शब्दाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्यामागे मोठे काम उभे आहे. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, त्यापूर्वी या बायकांना सरकारदरबारी नावच नव्हते. विधवा होती, घटस्फोटिता होती. टाकलेली बाई मात्र कागदोपत्री विवाहितच. रेशनकार्ड नवऱ्याच्या घरी, घर भावाचे, आणि योजना विधवांसाठी. एका शब्दाखाली त्या एकत्र आल्या म्हणून मोर्चे निघाले, मागण्या झाल्या. नाव दिल्याशिवाय संघटना होत नाही, हे आपल्या चळवळीने अनुभवाने शिकलेले आहे. पण मोर्चाच्या फलकावरचा शब्द वेगळा आणि मुलाखतीच्या समासातला शब्द वेगळा. फलकावर सगळ्यांना कवेत घेणारा शब्द लागतो. समासात फरक दाखवणारा लागतो, कारण आपण मुलाखत घेतो तीच मुळी काय घडले हे कळावे म्हणून.

आणि हा फरक नुसता भाषेचा नाही. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो : तू स्वतःहून गेलीस की घालवलीस? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही, पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याबरोबर राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी नाकारण्याची तरतूद आहे. मग ‘पुरेसे कारण’ म्हणजे काय? ते आपल्या मुलाखतींत पानोपानी आहे. कोळशाच्या डागात आहे, दुसरीच्या मुलाचे करायला लावण्यात आहे, रात्री दाराला बाहेरून घातलेल्या कडीत आहे. आपल्या वर्गवारीत ‘घालवलेल्या’ आणि ‘निघालेल्या’ असे दोन ढीग असले, आणि निघालेल्यांच्या ढिगात त्या कशामुळे निघाल्या हे त्यांच्याच शब्दांत असले, तर उद्या वकिलाला, कायदा बदलायची मागणी करणाऱ्यांना काही हाती लागेल. सगळ्याच ‘परित्यक्ता’ असल्या तर काय सापडणार?

रकाना बदलला की काय दिसू लागते याचे उदाहरण जनगणनेत आहे. २००१ पर्यंत तिच्यात घटस्फोटित आणि विभक्त यांची मोजणी एकाच रकान्यात होत असे. २०११ मध्ये दोन वेगळे रकाने झाले. तेव्हा दिसले की देशात विभक्त लोकांची संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट आहे. माणसे तीच होती. कायद्याने न सुटलेली आणि घरात न राहिलेली एवढी माणसे एका तिरप्या रेषेमागे झाकली गेली होती.

सरकारी सांकेतिक अंकांकडे एकदा नीट पाहा, म्हणजे आपल्या समासातल्या शब्दांकडेही संशयाने पाहायची सवय लागेल. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणूस वर्षभर काय करतो याला एक अंक असतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण, भाजी, गुरांचा चारा फुकट गोळा करणारी, शिवणटिपण करणारी. हे दोन्ही अंक श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे पहाटे डोंगरावर जाऊन मोळी आणणारी बाई काही काम करत नाही असे धरायचे. आणि ९७ या अंकाखाली ‘इतर’ म्हणून भीक मागणारे आणि वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायका एकत्र! हे अंक आजच्या श्रमशक्ती पाहणीतही चालू आहेत. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला ‘शेतातील किंवा घरच्या धंद्यातील बिनमोबदला काम धरून’ असे शब्द जोडले गेले, ते स्त्री-संघटनांनी आणि अभ्यासक बायकांनी धरलेल्या आग्रहामुळे. एवढीशी शब्दांची जोड, पण तिच्यासाठी किती वर्षे घासावी लागली.

आत्महत्यांच्या नोंदीत याची क्रूर बाजू दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी २३ हजारांहून अधिक ‘गृहिणी’ होत्या. यांतल्या कितीजणी शेतात राबत होत्या? सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून मेल्यावरही ती शेतकरी नाही. आणि आत्महत्येच्या कारणांत सर्वांत मोठा रकाना कोणता? ‘कौटुंबिक समस्या’. त्या दोन शब्दांच्या आत काय काय पुरलेले असते हे आपल्या केंद्रांवर बसणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

पण सरकारला बोल लावणे सोपे आहे. आपल्याच सल्ला केंद्रांची रजिस्टरे उघडून पाहा. त्यांत ‘मारहाणीचे कारण’ असा रकाना असतो आणि त्याखाली लिहिलेले असते : दारू. संशय. स्वयंपाकावरून. मूल नाही. बाई म्हणाली असते, ‘दारू पिऊन मारतो.’ आपण लिहितो, ‘व्यसन’. तिच्या वाक्यात मारणारा माणूस होता, आपल्या शब्दात नुसती बाटली उरली. ‘भाकरी करपली म्हणून मारलं’ याचे ‘क्षुल्लक कारणावरून वाद’ होते. वाद? त्यात दोघे कुठे होते? मारणाऱ्याने दिलेली सबब आपण कारण म्हणून नोंदवतो आणि वर्षाअखेर बेरीज करून जाहीर करतो की साठ टक्के हिंसा दारूमुळे. मग गावातले पुढारी म्हणतात, चला, दारूबंदी करू, प्रश्न मिटला. दारूबंदीच्या लढ्याला आमचा विरोध नाही, त्या लढ्यात बायकाच पुढे होत्या आणि आहेत. पण न पिणारा नवरा मारतो, आणि पिणारा नवरा पोलीस पाटलाला न मारता बायकोलाच मारतो, हे त्याच मुलाखतींत लिहिलेले असते. ‘कारण’ हा रकाना खोडून तिथे ‘तो काय म्हणतो’ आणि ‘ती काय म्हणते’ असे दोन रकाने पाडले, तरी रजिस्टर वेगळे बोलू लागेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बाईचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे म्हणजे तिचे सगळे म्हणणे खरे मानून थांबायचे का? ‘नशिबात होतं’ असे ती म्हणाली तर आपण समासात ‘नशीब’ लिहायचे? आमचे उत्तर : हो, आधी तेच लिहायचे. मग पुढचा ढीग लावताना विचारायचे की हा शब्द मुलाखतीत नेमका कुठे येतो. पहिल्यांदा मार बसला तेव्हा, की भावाने परत पाठवले तेव्हा? नशीब हा शब्द बहुतेकदा जिथे माणसांनी हात वर केले तिथे येतो असे दिसले, तर आपल्याला अंधश्रद्धेचे प्रकरण लिहायचे नाही, माहेराचे लिहायचे आहे. पहिल्याच झटक्यात ‘अंधश्रद्धा’ लिहिले असते तर हे कळलेच नसते.

आरोग्याच्या कामात याचे दोन चांगले दाखले आहेत, आणि मौज अशी की ते उलट दिशांनी जातात. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि तपासणी पूर्वी कधी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून ज्याकडे पाहिले जात होते तो आजार निघाला. पुढे २००५ मध्ये गोव्यातल्या एका पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांत जंतुसंसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाचा संबंध अधिक दिसला. म्हणजे ‘पांढरं जातं, अशक्तपणा येतो’ या वाक्याला घाईने ‘संसर्ग’ म्हणून गोळ्या देणे जितके चूक, तितकेच ‘मनाचे खेळ’ म्हणून हसून वाटेला लावणे चूक. ‘अशक्तपणा’ हा बाईचा शब्द समासात तसाच राहिला तरच पुढे या दोन्ही दिशांना जाता येते. तो शब्द खोडून ‘रक्तक्षय’ लिहिले की एकच वाट उरते, तीही लोहाच्या गोळ्यांची.

परदेशातल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या गोष्टीवर बरेच डोके खपवले आहे आणि त्यातले काही आपल्या उपयोगाचे आहे. लिझ केली यांनी इंग्लंडमध्ये साठ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचे पुस्तक १९८८ चे. बलात्कार झाला की नाही, अशा होय-नाहीच्या कप्प्यांत त्या बायकांचे अनुभव मावत नव्हते. दबाव होता, नको असताना गप्प राहणे होते, ज्याला नावच नाही असे कितीतरी होते. त्यातून त्यांनी हिंसेची सलग साखळी अशी कल्पना मांडली. मार्जरी डीव्हॉल्ट यांनी १९९० मध्ये लिहिले की घरच्यांना जेवू घालण्याचे काम सांगताना बायका अडखळतात, ‘तुला ठाऊकच आहे की’ म्हणतात, आणि मुलाखत उतरवून काढणारे तेवढेच शब्द फालतू म्हणून गाळतात. वास्तविक भाषेत शब्द नाही तिथेच बाई अडखळते. आपल्याकडचे ‘काय सांगू’, ‘तसंच आपलं’, ‘चालायचंच’ हे असेच. उतरवून काढताना ते गाळू नका. समासात त्यांच्यासमोर फुली करा. फुल्या कुठे दाटल्या आहेत ते पाहिले तरी निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट. अहवालांत वाक्य असते : ‘मुलाखतींतून पुढील आशयसूत्रे पुढे आली.’ जशी काही भांड्यातली साय आपोआप वर आली! व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ च्या आपल्या लेखात या वाक्यालाच हरकत घेतली आहे. सूत्रे वर येत नाहीत, कुणीतरी ती काढते. मग काढणारीचे नाव, गाव, जात, शिक्षण यांचा हिशेब द्यायला नको का?

जात तर मुद्दाम म्हटली पाहिजे. मुलाखती घेणाऱ्या कार्यकर्त्या बहुतेक वस्तीतल्या, गावातल्या. समासात शब्द लिहिणाऱ्या बहुतेक शहरातल्या, पदवीधर आणि वरच्या जातींतल्या. समजा दलित वस्तीतली एक बाई सांगते, ‘आड जवळ आहे, पण आम्ही लांबच्या बोअरला जातो, तिथं कटकट नाही.’ शहरातली मुलगी समासात लिहिते, ‘मूलभूत सुविधा : पाणी’. त्या बाईने पाण्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, ती ‘कटकटी’बद्दल बोलते आहे, आणि ती कटकट काय हे मुलाखत घेणाऱ्या कार्यकर्तीला न विचारताच कळलेले आहे. दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये लिहिले, तेव्हा आपल्या चळवळीत बरीच खळबळ झाली. त्यांचे वेगळे बोलणे आपल्या समासात पोचले का, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही उभा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केले. त्यात इतिहास आहेच, शिवाय एकेका बाईची हकिकत तिच्या नावाने, सलग दिलेली आहे. ढीग लावले की बाईचे तुकडे होतात. तिच्या लग्नाचा तुकडा एका ढिगात, मजुरीचा दुसऱ्या, मोर्चाचा तिसऱ्या. म्हणून ढीग लावून झाल्यावरही प्रत्येक मुलाखत एकदा अख्खी वाचायची, आणि अहवालात दोन-तीन तरी अख्ख्या द्यायच्या.

भाषेचे सांगायचे राहिले. देणगीदार संस्थेसाठी समासातले शब्द बऱ्याचदा थेट इंग्रजीत लिहिले जातात. आपल्याकडे त्रास आहे, जाच आहे, छळ आहे, हाल आहेत. जाच म्हटला की सासर डोळ्यांपुढे येते आणि रोजचे टोचणे येते. हाल म्हटले की उपासमार, वणवण येते. छळाला हेतू असतो. इंग्रजीत या चौघींना मिळून एकच शब्द बसवला जातो, आणि परत मराठी अहवाल करताना त्याचे ‘अत्याचार’ होते. बाई म्हणाली होती जाच, छापले गेले अत्याचार, आणि ती वाचून म्हणते, ‘माझ्यावर तसलं काही झालं नाही.’ तिचे खरेच आहे.

हल्ली हे काम संगणक करून देतो. मुलाखतींची वर्गवारी ठेवायला मदत करणारे कार्यक्रम जुनेच आहेत, ते कपाटाचे काम करतात आणि त्याला हरकत नाही. पण आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम पन्नास मुलाखती आत टाकल्या की काही मिनिटांत दहा आशयसूत्रे बाहेर काढतात, सुबक मथळ्यांसकट. वेळ वाचतो हे खरे. आपल्याकडे माणसे कमी आहेत हेही खरे. पण ‘नांदवत नाहीत’ आणि ‘नांदत नाही’ यांत फरक करायला त्याला कोण शिकवणार? तो सगळीकडे जे जास्त लिहिले गेले आहे त्याच कप्प्यांत नवे बोलणे बसवतो, आणि आपल्या बायकांबद्दल जास्त कुणी लिहिले आहे हे आपण जाणतोच. शिवाय बाईने कार्यकर्तीला विश्वासाने सांगितलेले कोणा कंपनीच्या यंत्रात जाणार हे तिला विचारले आहे का? संमतीच्या कागदावर ते वाक्य नसेल तर मुलाखत तिथे घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

काम कसे करावे याची आमची कल्पना साधी आहे. मुलाखत जिने घेतली तिने आणि जी तिथे नव्हती तिने, दोघींनी एकच मुलाखत वेगवेगळी वाचून समासात शब्द लिहावेत. मग समोरासमोर बसावे. जिथे शब्द जुळत नाहीत तिथे ‘बरोबर कोण’ हे ठरवायची घाई करू नये, कारण वेगळे का दिसले ते बोलण्यातच खरा अभ्यास असतो. पहिल्या दहा मुलाखतींपर्यंत बाईचेच शब्द वापरावेत. एक वही ठेवावी, तिच्यात प्रत्येक शब्द का घेतला, कधी बदलला, कुणी विरोध केला हे तारखेसह लिहावे. ‘इतर’चा ढीग सर्वांत शेवटी न उघडता मधूनमधून उघडावा, नवा प्रश्न बहुधा तिथेच पडलेला असतो. आणि ढिगांची नावे घेऊन त्या बायकांकडे परत जावे. नावे फक्त, उतारे नव्हेत. एकीचे दुसरीसमोर उघडे पडता कामा नये.

परत गेल्यावर त्या नाही म्हणतील, याची तयारी हवी. अमेरिकेतल्या कॅथरिन बोरलंड यांनी आपल्या आजीच्या एका आठवणीचा अर्थ स्त्रीवादी बंड असा लावला, तेव्हा आजीने लांबलचक पत्र लिहून कळवले की मी असे म्हटलेच नव्हते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात नातीने आजीचे म्हणणेही छापले आणि आपले म्हणणेही सोडले नाही. आपल्यालाही तसेच करता येईल. बाई म्हणाली, ‘मी निघाले नाही, मला निघावं लागलं,’ तर ढिगाचे नाव बदलावे. आपल्याला तरीही त्यात तिचा निर्णय दिसत असेल, तर ते आपले मत म्हणून खाली वेगळे लिहावे, आपल्या नावाने.

पुढच्या अंकात आम्ही काही पाने यासाठी राखली आहेत. तुमच्या गटाने मुलाखतींसाठी केलेली शब्दांची यादी पाठवा, खोडलेल्या शब्दांसकट. बाईचे नाव, गाव, आडनाव, ती ओळखू येईल असा कोणताही तपशील नको. शब्द कुणाचा, बाईचा की तुमचा, एवढे मात्र प्रत्येकापुढे लिहा.